काही करत नाही जी तो

पाळीव कुत्र्याच्या शिष्टाचारात मुख्यतः पाच गोष्टी मोडतात: आलेल्या माणसाच्या अंगावर उडी न मारणे, जेवणाऱ्याच्या ताटावर नजर न लावणे, फाटक वाजताच घर डोक्यावर न घेणे, फिरायला नेणाऱ्याचा खांदा न उखडणे आणि दात स्वतःच्या जेवणापुरतेच वापरणे. वर्धा जिल्ह्यात सहावी गोष्टही धरावी लागते, ती म्हणजे उन्हाळ्यात कूलरसमोरची जागा पाहुण्याला सोडणे. यांतले काहीही कुत्र्याच्या बुद्धीबाहेरचे नाही. ‘बस’ म्हटल्यावर बसणे तीन महिन्यांचे पिल्लूही थोड्या दिवसांत शिकते. तरीही वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव अशा गावांतल्या अनेक फाटकांवर ‘कुत्र्यापासून सावध राहा’ ही पाटी दिसते, आणि पाटीमागे उभा असलेला मालक पाहुण्याला ओरडून सांगत असतो की घाबरू नका. पाटी खरी की मालक खरा, हे ठरवायला पाहुण्याला फारसा वेळ मिळत नाही.

फाटकावरचा संवाद जिल्हाभर जवळपास सारखाच असतो.

“चावते काय जी तो?”

“नाही जी, काही करत नाही तो. या न, या न तुम्ही.”

“मंग भुंकून काहून राह्यला?”

“तुम्ही थांबले म्हणून भुंकते जी तो. तुम्ही चालत या.”

मालकाच्या हिशेबात फक्त चावणे मोजले जाते. पांढऱ्या सदऱ्यावर उमटलेले दोन पंजे, खाली पडलेला चष्मा, पळवून नेलेली डाव्या पायाची चप्पल आणि कानापर्यंत चाटला गेलेला गाल हे सर्व प्रेमाच्या खात्यात जमा होते. पाहुण्यानेही ते प्रेम म्हणूनच स्वीकारावे आणि शक्यतो हसावे, अशी अपेक्षा असते.

शिक्षणाला योग्य वय कोणते, याविषयी शास्त्रात फारसे मतभेद नाहीत. अमेरिकेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पिल्लांच्या वाढीचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि 1965 साली त्यावर ग्रंथ लिहिला. पिल्लाच्या वयाचे साधारण तीन ते बारा-चौदा आठवडे फार मोलाचे असतात. या काळात जे भेटते ते पिल्लाला जगाचा नेहमीचा भाग वाटते, आणि जे भेटत नाही त्याचा पुढे जन्मभर संशय येतो. म्हणून याच दिवसांत पिल्लाला छत्री, हेल्मेट, काठी, दाढी, गॅसचे सिलिंडर, रडणारे मूल आणि बँडवाले दाखवावेत. लसी पूर्ण व्हायच्या असतात, त्यामुळे गल्लीतल्या कुत्र्यांत सोडू नये, कडेवर घेऊन फिरवावे. वर्ध्यासारख्या गावी ज्या पिल्लाने लहानपणी गांधीटोपी पाहिलेली नाही, त्याचे 2 ऑक्टोबरला फार हाल होतात.

प्रत्यक्षात हा मोलाचा काळ नावाच्या वादात जातो. आजोबांना मोती हवा असतो, मुलांना ब्रुनो. आई दोन्ही नावांनी हाक मारून पाहते. वडील काहीच न म्हणता एक दिवस महापालिकेच्या फॉर्मवर लिहावे तसे ‘रॉकी’ लिहून पशुवैद्यकाचे कार्ड आणतात. तोवर पिल्लाने स्टीलच्या वाटीच्या आवाजाला ओ द्यायला सुरुवात केलेली असते आणि पुढे ते त्याच नावावर कायम राहते.

शिक्षणाच्या बाबतीत या जिल्ह्याला मोठा वारसा आहे. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्यात भरलेल्या परिषदेतून नई तालीम पुढे आली, झाकीर हुसेन समितीने तिला आकार दिला आणि ‘वर्धा शिक्षण योजना’ हे नाव देशभर गेले. मुलाने पाठांतराऐवजी प्रत्यक्ष काम करत शिकावे, हा तिचा गाभा. हे तत्त्व ज्याला तंतोतंत लागू पडते असा विद्यार्थी म्हणजे कुत्रा, कारण तो करूनच शिकतो आणि पाठांतराची त्याला सोयच नाही. परंतु याच जिल्ह्यात त्याला व्याख्याने दिली जातात. “पाहा, आता काकाजी येणार आहेत. काकाजी चांगले आहेत. त्यांच्या अंगावर जायचं नाही. मागच्या वेळी काय झालं होतं? आठवते न?” कुत्रा मान एका बाजूला कलती करतो, शेपूट हलवतो. त्याला समजले, याविषयी घरात एकमत होते. काकाजी येतात, आणि मागच्या वेळी जे झाले होते ते पुन्हा होते.

आज्ञेच्या भाषेचा प्रश्न त्याहून अवघड आहे. मराठी घरात कुत्र्याशी इंग्रजीत बोलण्याची प्रथा आहे. घरातला सर्वांत धाकटा असून इंग्रजी माध्यमात पहिला प्रवेश त्यालाच मिळतो. मुले ‘सिट’ म्हणतात, वडील ‘बैठ’, आई ‘बस रे बाळा’ आणि आजोबा ‘गप बस न बे’. चौघेही एकाच वेळी म्हणतात. कुत्रा उभा राहतो. वास्तविक कुत्रा शब्दांपेक्षा हाताकडे अधिक लक्ष देतो. माणसाने बोट दाखवले की त्या दिशेला पाहण्यात कुत्रा तरबेज असतो, हे 1990 च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. म्हणून घरात एक शब्द आणि एक खूण ठरवावी, असे तज्ज्ञ सांगतात. घराघरांत अशी बैठक होते, शब्द ठरतो, फ्रिजवर कागद चिकटतो. कुत्र्याला वाचता येत नाही आणि घरचे वाचत नाहीत, त्यामुळे कागद पुष्कळ दिवस टिकतो.

उडी मारण्याची सवय सर्व सवयींत जुनी आणि महाग. पिल्लू आईच्या तोंडाला तोंड लावून तिचे स्वागत करते. माणसाचे तोंड पाच-साडेपाच फूट उंचीवर असते, ही माणसाची चूक आहे. कुत्रा ती उडी मारून दुरुस्त करतो. त्याला गुडघ्याने ढकलले, ‘हट्’ म्हटले किंवा दोन्ही हातांनी धरून खाली केले, तर त्याला हवे तेच मिळते. पाहणे, बोलणे आणि अंगाला हात लावणे या तिन्ही गोष्टी कुत्र्याच्या दृष्टीने बक्षिसेच आहेत. इलाज एकच आहे. उडी मारताच पाठ फिरवावी, बघू नये, बोलू नये, आणि चारही पाय जमिनीला लागले की लगेच कौतुक करावे.

या इलाजातला धोका पुस्तकांत दिलेला असतो, पण तिथपर्यंत फार थोडे वाचक पोचतात. जी सवय फळ देईनाशी होते ती मरण्याआधी एकदा जोरात उसळते. दोन उड्यांनी काम भागत असेल तर कुत्रा तिसरी मारून पाहतो, चौथी मारून पाहतो आणि पाचवीला सोबत भुंकतोही. नेमक्या याच टप्प्यावर घरातल्या कोणाला तरी दया येते. “जाऊ द्या न, किती वेळचा मागून राह्यला तो,” असे म्हणून त्याला जवळ घेतले जाते. कुत्रा यातून व्यवस्थित धडा घेतो: पहिल्या चार उड्या वाया जातात, तेव्हा पुढच्या वेळी सुरुवात पाचवीपासून करावी.

पाठ फिरवण्याच्या पद्धतीचा सामाजिक परिणामही ध्यानात घ्यायला हवा. धोंड्याचा महिना आहे, नवे जावईबापू प्रथमच सासुरवाडीला येत आहेत, आणि घरच्यांनी आदल्या रात्री एकजुटीने ठरवले आहे की या वेळी कुत्र्याला अजिबात दाद द्यायची नाही. फाटक उघडते. सासरे, सासूबाई, मेहुणी आणि आजेसासरे, जसे ठरले होते तसे, एका झटक्यात भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. अंगणातून फक्त कुत्रा धावत येतो.

“मी येऊ का जाऊ?” जावईबापू विचारतात.

“या न जवाईबापू, या! आम्ही त्याच्याकडं पाहून नाही राह्यलो.”

“माझ्याकडंही कोणी पाहून नाही राह्यलं जी.”

अशा वेळी जावयाच्या मनात एवढेच राहते की त्या घरी आपले मनापासून स्वागत करणारा एकच जण होता. सासूबाई पुढे कितीही अनारसे वाढोत, ही समजूत सहसा बदलत नाही. पुढच्या वेळी ते कुत्र्यासाठी बिस्किटाचा पुडा आणतात आणि सासऱ्यांसाठी काहीच आणत नाहीत.

ताटाजवळची शिस्त हा उडीच्याही वरचा विषय आहे, कारण तिथे शत्रू घरातलाच असतो. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांतून एक गोष्ट पक्की झाली: बक्षीस दर वेळी न मिळता अधूनमधून मिळाले, तर सवय सर्वांत चिवट होते. ही गोष्ट आज्यांना प्रयोगाविना ठाऊक असते. घरात ठराव होतो की ताटातले कोणी काही द्यायचे नाही. आजी मान डोलावते. मग पदराआडून पोळीचा एक तुकडा खाली जातो. रोज नव्हे, मनात येईल तेव्हा. आजोबा दुसऱ्या बाजूने भाकरीचा पापुद्रा सोडतात. धाकटा मुलगा नावडती भाजी देतो. सून भांडी उचलताना चमच्याने थोडे दही वाटीत टाकते. प्रत्येकाला वाटते की गुन्हा आपण एकट्याने केला. कुत्रा सर्वांपासून सारख्या अंतरावर बसतो आणि कोणाचेही गुपित फोडत नाही, म्हणून घरातला सर्वांत विश्वासू जीव असा त्याचा लौकिक होतो.

हिशेब फुटतो तो पशुवैद्यकाच्या वजनकाट्यावर.

“यांना खायला काय देता?”

“काही नाही जी. सकाळी एक पोळी, संध्याकाळी एक पोळी.”

उत्तर खरे असते. बोलणारा फक्त स्वतःपुरते सांगत असतो. बाकीचे चौघे तेच उत्तर मनात म्हणत गप्प उभे राहतात.

भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, कोरडी कशी खाशील म्हणून, अशी कथा महाराष्ट्रात सर्वांना माहीत आहे. संतपदाला पोचायला ती वाट उत्तम. कुत्रा शिकवायला तिचा उपयोग नाही, कारण त्याला त्यातून एवढेच कळते की पळवलेल्या भाकरीला तूप लावून मिळते. कथेतली भूतदया घेताना घराघरांत तूपही घेतले जाते. वर्ध्याचा प्रसिद्ध गोरसपाक, साजूक तुपातला आणि खुसखुशीत, बक्षीस म्हणून देण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरावा. त्यात साखर आणि तूप आहे, आणि एकदा तो चाखलेला कुत्रा पुन्हा साध्या पोळीवर काम करायला तयार होत नाही. बक्षिसाचा तुकडा चण्याच्या दाण्याएवढा पुरे: उकडलेले अंडे, उकडलेली कोंबडी, शाकाहारी घरात पनीर. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला अपायकारक आहेत. वऱ्हाडी रश्शात पहिले दोन भरपूर असतात, हे सणासुदीला लक्षात ठेवावे.

आता कूलर. वर्ध्याचा पारा मे महिन्यात 45 अंशांच्या पुढे जातो. अशा दिवसांत बैठकीतली कूलरसमोरची खुर्ची हे घरातले सर्वोच्च आसन असते आणि ते पाहुण्याला देणे ही इथली रीत आहे. कुत्र्याला घाम जवळपास येतच नाही. फक्त पंज्यांच्या तळव्यांना थोडा येतो. बाकी सर्व उष्णता त्याला जीभ काढून, धापा टाकून घालवावी लागते. सायबेरियातल्या बर्फात गाडी ओढण्यासाठी तयार झालेला हस्की जातीचा कुत्रा एखाद्या घरी आणलेला असेल, तर त्याची बाजू नैतिकदृष्ट्याही भक्कम असते. तो मार्चअखेरीस त्या आसनाचा ताबा घेतो आणि मृगाच्या पावसापर्यंत सोडत नाही.

पाहुणे येतात. यजमान म्हणतात, “बसा न जी, इथं बसा, हवा येते.” तिथे कुत्रा असतो. “ऊठ बे,” यजमान म्हणतात. कुत्रा एक डोळा उघडतो आणि मिटतो. “ऊठ म्हटलं न.” कुत्रा कूस बदलतो, त्यामुळे आता तो अधिक जागा व्यापतो. पाहुणा म्हणतो, “राहू द्या, मी इकडं ठीक आहे.” यजमान ऐकत नाहीत, कारण आता प्रश्न आदरातिथ्याचा राहिलेला नसतो, पाहुण्यासमोर घरात आपले कोण ऐकते याचा झालेला असतो. बायको, मुलगा, मुलगी यांपैकी कोणीच मदतीला येत नाही. कुत्रा उठला तर पुढचा क्रमांक आपला, हे त्यांना कळते. शेवटी पाहुणा खिडकीजवळ घामाने भिजत बसतो, त्याला पन्हे मिळते, आणि यजमान अभिमानाने सांगतात की ह्याला गरमी बिलकूल सहन होत नाही.

या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर आहे. कुत्र्याची स्वतःची सतरंजी असावी, ती कूलरच्याच झोतात पण बाजूला अंथरावी, आणि तिच्यावर बसल्याबद्दल त्याला रोज काहीतरी मिळावे. खुर्चीवरून हाकलण्यापेक्षा सतरंजीवर बोलावणे सोपे जाते. ज्या घरांत हे करून पाहिले जाते तिथे पुढे एकच अडचण उरते, की सतरंजीवर आजोबा बसतात.

घंटीचे भुंकणे आणि पाहुण्याला हुंगणे हे दोन विषय वेगळे असले तरी क्रमाने येतात. पेपरवाला, दूधवाला, कुरियरवाला हे रोज येतात, कुत्रा भुंकतो, ते निघून जातात. ते आपल्या कामाने जातात, पण कुत्र्याच्या नोंदवहीत दर वेळी आपला विजय लिहिला जातो. म्हणून पोस्टमनवर भुंकणारा कुत्रा वर्षानुवर्षे आत्मविश्वासाने वाढत जातो. उपाय असा की घंटी वाजली की त्याला एका ठरलेल्या जागी नेऊन खाऊ द्यावा, म्हणजे काही दिवसांनी घंटी ऐकून तो त्या जागेकडे धावतो. सराव करताना घरातल्याच कोणीतरी बाहेर जाऊन घंटी वाजवायची असते. दुपारी दोनला स्वतःच्या दाराची घंटी पुन्हा पुन्हा वाजवणाऱ्या गृहस्थाकडे शेजारी कसे पाहतात, याचे वर्णन प्रशिक्षणाच्या पुस्तकांत आढळत नाही. निवडणुकीच्या काळात मात्र अनेक घरी हा सराव मुद्दाम थांबवला जातो, आणि त्या दिवसांपुरता फाटकावरचा भुंकणारा कुत्रा हा दोष मानू नये, असे या विषयातले व्यावहारिक मत आहे.

हुंगण्याने पाहुणे फार ओशाळतात, विशेषतः जिथे हुंगले जाते त्यामुळे. कुत्र्याच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी माणसाच्या कित्येक पटींनी अधिक असतात. समोरचा कुठून आला, काय खाऊन आला, वाटेत कोणत्या कुत्र्याला भेटला हे त्याला एका श्वासात कळते. बैठकीत यजमान “मूळ गाव कोणतं जी तुमचं? आडनाव काय म्हटलं? मुलगा कुठं लागला? पॅकेज किती?” असे विचारतात, तेच काम कुत्रा नाकाने करतो; फरक एवढाच की त्याला उत्तरे खोटी देता येत नाहीत. त्याला हात हुंगू द्यावा आणि मग बोलावून घ्यावे. यजमानाला बोलावून घेण्याची सोय अद्याप निघालेली नाही.

फिरायला नेण्याची वेळ उन्हाळ्यात पहाटेची किंवा रात्रीची असावी, कारण तापलेल्या डांबराने पंजे भाजतात. आपल्या तळहाताची मागची बाजू रस्त्यावर थोडा वेळ टेकवून पाहावी. हाताला सोसत नसेल तर कुत्र्यालाही सोसत नाही. कुत्रा ओढू लागला की जागीच थांबावे, पट्टा सैल झाला की चालावे, हा नियम. नियम पाळणारा माणूस पहिल्या आठवड्यात हनुमान टेकडीकडे निघतो आणि कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापर्यंत पोचतो. टेकडीवरून परतणारे ओळखीचे लोक विचारतात, “काय भाऊ, काही हरवलं काय?” मान राखण्यासाठी बहुतेक जण नियम सोडतात आणि कुत्र्यामागे धावू लागतात. त्यालाच पुढे व्यायाम म्हणतात. सोबत कागद किंवा पिशवी न्यावी आणि कुत्र्याने मागे सोडलेले उचलावे. हे काम करताना इकडेतिकडे पाहायचे नसते. जे काम न करता इकडेतिकडे पाहतात, ते सर्वांना ओळखू येतात.

वाटेत गल्लीची कुत्री भेटतात आणि इथे विषय एकदम इतिहासात शिरतो. 1926 साली अहमदाबादेत एका गिरणीमालकाने आवारातली साठ भटकी कुत्री मारवली, तेव्हा गांधीजींनी ‘यंग इंडिया’त त्याची बाजू समजून घेणारी लेखमाला लिहिली आणि संतापलेल्या पत्रांचा त्यांच्यावर पाऊस पडला. भटक्या कुत्र्यापुढे तुकडा टाकून पुण्य मिळवणे ही दया नव्हे, कुत्रा पाळायचा तर नीट जबाबदारीने पाळावा, असा त्यांचा सूर होता. दहा वर्षांनी, 1936 मध्ये, ते वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. त्या गावाचे पुढे सेवाग्राम झाले. जिल्ह्याने त्यांच्या पुष्कळ गोष्टी घेतल्या. ही मात्र फारशी घेतलेली दिसत नाही. गल्लीतल्या कुत्र्याला सकाळची पोळी सगळे देतात. तो कोणाच्या मागे लागला तर “आमचा नाही जी तो” असे सात घरांतून ऐकू येते; रात्री त्याने चोर पिटाळला तर सकाळी तीच सात घरे त्याचे नाव सांगतात, आणि प्रत्येक घराचे नाव वेगळे असते.

सणांचा विचार थोडक्यात करता येईल. दिवाळीच्या फटाक्यांत कुत्र्याला आतल्या खोलीत ठेवावे, कारण त्याचे कान माणसाला न ऐकू येणारे आवाजही ऐकतात. पोळ्याला बैल येतात, त्यांची त्याला कल्पना असते. अडचण दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्याची. लाकडी नंदी, त्याला चाके, पुढे दोरी आणि दोरीला नटवलेले मूल. असा बैल, ज्याला बैलाचा वास नाही, कुत्र्याच्या कोणत्याही अनुभवात बसत नाही. सिंदी (रेल्वे) इथे तान्हा पोळा मोठ्या थाटाने भरतो आणि नंदीही मोठे असतात. तिथे नवशिका कुत्रा नेऊ नये. तो नंदीवर भुंकेल, नंदी ऐकणार नाही, आणि त्याचा सर्व शिक्षणावरचा विश्वास उडेल.

कुत्र्याला माणसांत वावरायला शिकवताना माणसांचेही वर्गीकरण करणे भाग पडते. पहिला वर्ग किंचाळून खाटेवर चढणाऱ्यांचा. त्यांच्यामुळे कुत्र्याला खेळ सुरू झाल्यासारखे वाटते. दुसरा वर्ग मनात रामनाम घेत पुतळ्यासारखा उभा राहणाऱ्यांचा. शास्त्राच्या दृष्टीने तो सर्वांत बरोबर वागतो, पण त्याचे श्रेय तो शास्त्राला देत नाही. तिसरा वर्ग “आमच्याकडं होता असाच एक, अल्सेशियन, याच्याहून डबल” असे सांगत सोफ्यावर बसतो आणि कुत्र्यापेक्षा यजमानाला अधिक त्रास देतो. सर्वांत घातक मात्र चौथा वर्ग, ज्याला कुत्रे फार आवडतात. “राहू द्या जी, मला चालते, चढू द्या अंगावर,” असे म्हणून हा पाहुणा तीन महिन्यांची मेहनत तीन मिनिटांत धुळीला मिळवतो आणि हात न धुता चिवडा खातो. अशांना घरी बोलावण्याआधी विचार करावा. लहान मुलांना मात्र आधीच सांगून ठेवावे की जेवणाऱ्या, झोपलेल्या आणि पिल्लांजवळच्या कुत्र्याला हात लावायचा नाही, आणि मिठी तर कोणत्याच कुत्र्याला मारायची नाही. गुरगुरणे हा कुत्र्याने दिलेला इशारा आहे. त्याबद्दल मारले तर तो इशारा देणे बंद करतो आणि थेट पुढच्या पायरीवर जातो.

ती पायरी आलीच, तर विनोद बाजूला ठेवावा लागतो. दात लागलेली जागा साबणाने आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवावी आणि सरळ दवाखान्यात जावे. हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही लावू नये, कोणी कितीही अनुभवी असले तरी. कुत्रा घरचा आहे, त्याला लस दिलेली आहे, हे डॉक्टरांना सांगावे. डॉक्टरांऐवजी ते स्वतःला सांगून घरी बसू नये. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 प्रमाणे, आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये याची पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. कलमात प्रेमाचे खाते नाही.

शिक्षण पुरे झाले की नाही हे पाहण्यासाठी अमेरिकन केनेल क्लबने 1989 साली दहा भागांची एक परीक्षा सुरू केली. अनोळखी माणसाला शांतपणे भेटू देणे हा तिचा पहिला भाग. वर्ध्यात ही परीक्षा घरच्या घरी घ्यायची तर अनोळखी माणूस मिळणेच कठीण. जो मिळतो त्याचे कोणी ना कोणी आर्वीत निघते आणि परीक्षा विसरून चहा होतो. गर्दीतून नेण्याची चाचणी बजाज चौकात संध्याकाळी घेता येते. अचानक आवाजाने बिथरू नये, यासाठी तिकडे खुर्ची पाडतात. इकडे लग्नसराईत डीजे असतो. दहाव्या भागात मालकाने तीन मिनिटे दूर जायचे आणि कुत्र्याने दुसऱ्याजवळ निवांत थांबायचे. कुत्रा थांबतो. मालक पहिल्या मिनिटाला झाडाआडून डोकावतो, दुसऱ्या मिनिटाला फोन करून “पाणी प्यायला का तो?” असे विचारतो आणि तिसरे मिनिट पुरे व्हायच्या आत परत येतो. परीक्षेत मालकाला गुण देण्याची पद्धत नाही, म्हणून निकाल बहुधा चांगला लागतो.

राहिली पाहुण्यांना एक विनंती. वर्धा जिल्ह्यात कोणाच्या घरी जायचे असेल तर आधी फोन करावा, गडद रंगाचे कपडे घालावेत, चप्पल उंचावर ठेवावी, आणि जेवताना कुत्रा कितीही वेळ पाहत राहिला तरी ताटातले त्याला काही देऊ नये. आजीने आधीच दिलेले असते.